श्रेय कोरमचं की लाइनचं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधल्या मिशिगनचा रनिंग गेम (बॉल हातात घेऊन पळत पुढे जाणं) म्हणजे रनिंग बॅक ब्लेक कोरम, तो गेला आणि सगळं संपलं, हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. कोरम भारीच होता, पण त्याला वाट कोण काढून देत होतं? समोरच्यांना ढकलून वाट करणारी फळी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन; सर्वोत्तम लाइनसाठीचा ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार 2021 आणि 2022, लागोपाठ दोन्ही वर्षं मिशिगनकडेच होता. 2023ची पेन स्टेटविरुद्धची मॅच आठवा. मुख्य कोच हारबॉ निलंबित, सूत्रं लाइनचे कोच शेरॉन मूर यांच्याकडे, आणि सलग 32 वेळा बॉल न फेकता पळतच चाल! पास येणार नाही हे अख्ख्या स्टेडियमला कळलं होतं, तरी अडवता येईना. लाइनमधला गार्ड मागून वळसा घालून पलीकडे येतो, लाइनबॅकरला (समोरच्या बचावातल्या खेळाडूला) आडवा जातो, की झाली फट तयार. बघायला कंटाळवाणं, मान्य. (मध्यरात्री आमच्या घरी रिमोट हिसकावला गेला.) पण जिंकले 24-15.

राहिला कोचचा प्रश्न. लाइन घडवणाऱ्याला अख्खी टीम चालवता येईलच असं नाही. 2024मध्ये मूर मुख्य कोच झाले, ओहायो स्टेटला 13-10 हरवलंही, पण सीझनमध्ये 8 विजय, 5 पराभव. क्वार्टरबॅकचीच (पास फेकणाऱ्याचीच) बोंब होती ना! तेव्हा मुख्य कोच कुणीही आणा, लाइनचा कोच आधी पक्का करा.