कमी किमतीच्या पॉइंट टू टू रायफलकडून ५० मीटरवर किती अचूकतेची अपेक्षा ठेवावी?

गिरणाकाठ (जळगाव)

सर्वांना सप्रेम नमस्कार. दोन वर्षे क्लबच्या रायफलवर सराव केल्यानंतर गेल्या दिवाळीत मी परवान्यावर पॉइंट टू टूची (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या गोळीची), दर गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची एक रायफल घेतली. रायफल नवी आहे, पण दुकानातील सर्वांत कमी किमतीची. दस्ता साध्या लाकडाचा आहे, चाप जड आहे आणि चार पट मोठे दाखवणारी दुर्बीण दुकानदाराने सोबतच दिली होती. चांदमारीवर मी टेबलाशी बसून, पुढे वाळूची पिशवी ठेवून, ५० मीटरवर पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप मारतो आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांमधले अंतर मोजतो. आतापर्यंतच्या बारा ग्रुपांपैकी सर्वांत चांगला २२ मिलिमीटरचा आणि सर्वांत वाईट ५८ मिलिमीटरचा आला. बाकीचे बहुतेक ४० ते ५० मिलिमीटरचे आहेत. मनाला लागते ते हे, की तीन भोके एकमेकांना चिकटून पडतात आणि चौथे, नेम जराही हलला नाही असे वाटत असताना, दोन बोटे उजवीकडे जाते.

काडतुसे बहुतेक एकाच जातीची वापरली आहेत: जास्त वेगाची, ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाच्या गोळीची, मोठ्या खोक्यातली. मध्यम वेगाची एकच पन्नासची डबी मिळाली होती, तिच्यात फरक जाणवला, पण तो खरा की माझ्या मनाचा, हे सांगता येत नाही. क्लबमधील एक ज्येष्ठ म्हणतात, ‘ही विकून टाका आणि मॅचची रायफल घ्या.’ तशी स्पर्धेसाठी बनवलेली रायफल घ्यायची तर दोन हंगामांची केळी त्यात जाईल, आणि केळीच्या भावाचे काय होते ते इथे कोणाला सांगायला नको. दोष रायफलचा, काडतुसांचा की माझा, हे पैसे खर्च करण्यापूर्वी ओळखण्याची काही रीत आहे का?

जुना छात्र (धुळे)

गिरणाकाठ भाऊ, मॅचच्या रायफलचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी दस्त्याचे स्क्रू पाहा. स्वस्त रायफलमध्ये नळी बहुधा बरी असते. कंपनी पैसे वाचवते ते लाकडात, चापात आणि जोडणीत. तीन गोळ्या एका जागी आणि चौथी भलतीकडे, ही तक्रार मी छात्रसेनेत असताना तिथल्या पॉइंट टू टूच्या डिलक्स रायफलींवर इतक्या वेळा ऐकली आहे, की आमचे उस्ताद रायफल हातात घेताच प्रथम दस्ता पिळून पाहत. तिथे अंतर २५ यार्ड, म्हणजे जेमतेम २३ मीटर असते, त्यामुळे बरेच दोष झाकून जातात. ५० मीटरवर तेच दोष दुपटीने दिसतात.

दोन गोष्टी करून पाहा. एक म्हणजे रायफल रिकामी असल्याची खात्री करून, पोस्टकार्डापेक्षा पातळ अशी कागदाची पट्टी नळी आणि लाकूड यांच्या फटीत टोकाकडून घाला आणि मागे सरकवत न्या. ती जिथे अडकेल तिथे लाकूड नळीला टेकते आहे, आणि नळी तापली किंवा हवा बदलली की तो दाब बदलतो. काही रायफलींत टोकाशी मुद्दाम टेकू ठेवलेला असतो, तो दोष नव्हे; पण एकाच कुशीला टेकत असेल तर गोळी दुसऱ्या कुशीकडे ढकलली जाणारच. दुसरे म्हणजे दस्त्याचे स्क्रू प्रत्येक वेळी सारखेच आवळले जातील असे पाहा. आपल्या रायफलच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असेल तर तोच पाळावा. नसेल तर लाकडी दस्त्याला २ ते २.५ न्यूटन-मीटर हा सुरुवातीला सुरक्षित दाब आहे. आवळण्याचा जोर दाखवणारा पाना सायकल दुरुस्तीच्या चांगल्या दुकानात मिळतो.

पिशवी नळीखाली ठेवत नाही ना? ती दस्त्याच्या पुढच्या भागाखालीच हवी आणि दर वेळी त्याच जागी हवी. मागची पिशवी मात्र ज्वारीने भरू नका. मी भरली होती. दाब दिला की दाणे सरकत राहतात, आणि घरात उंदीर झाले ते वेगळेच.

वरणगाव रोड (भुसावळ)

जुना छात्र यांचे म्हणणे बरोबर आहे, पण माझ्या मते आपला निम्मा ग्रुप त्या मोठ्या खोक्यातून येतो आहे. वडिलांची नोकरी आयुध निर्माणीत गेली, त्यामुळे ‘लॉट’ (एका खेपेत बनलेली काडतुसे) हा शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखा वापरला जाई.

पॉइंट टू टूच्या काडतुसाची रचना समजली की हे लक्षात येते. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाशी मधोमध वेगळी टोपी असते. पॉइंट टू टूला ती नसते. पेट घेणारा मसाला ओला असताना टरफलाच्या बुडात घालून, कडेच्या पोकळ किनारीत तो वेगाने फिरवून पसरवतात, आणि बोल्टमधील काटा त्या किनारीवर एका ठिकाणी आपटतो. जिथे आपटतो तिथे मसाला कमी असेल, तर दारू थोडी वेगळी पेटते आणि गोळीचा वेग बदलतो. टरफल पुन्हा भरता येत नसल्यामुळे मोठ्या रायफलचे नेमबाज घरी काडतूस जुळवून घेतात तशी सोयही इथे नाही. कारखान्याने जे दिले तेच आपले. म्हणूनच मॅचच्या डबीवर लॉट क्रमांक ठळक छापलेला असतो, आणि एली टेनेक्स या मॅचच्या काडतुसांच्या डबीवर तर त्या लॉटचा वेगही दिलेला असतो.

वेगातील फरकाचा हिशेब मांडून दाखवतो. मध्यम वेगाची गोळी नळीतून सुमारे ३२५ मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते आणि ५० मीटर गाठेपर्यंत गुरुत्वाने सुमारे १२५ मिलिमीटर खाली येते. एक गोळी दुसरीपेक्षा १० मीटर प्रतिसेकंदाने मंद निघाली, तर ती ७-८ मिलिमीटर आणखी खाली लागते. मॅचच्या निशाणावरील १० गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे आहे, हे ध्यानात घ्या.

जास्त वेगाच्या काडतुसांचे दुखणे निराळे आहे. ती गोळी सुमारे ३७५ मीटर प्रतिसेकंदाने, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने निघते आणि निशाणापर्यंत पोहोचण्याआधीच ध्वनीच्या वेगाखाली येते. त्या उंबरठ्यावर तिला झटके बसतात. हवेत ध्वनीचा वेग १५ अंशांना सुमारे ३४० आणि ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर प्रतिसेकंद असतो, म्हणजे आपल्याकडच्या वैशाखात हा उंबरठा गोळीला आणखी लवकर ओलांडावा लागतो. वेग जास्त म्हणून वारा कमी लागेल, हा समजही इथे उलटा ठरतो: वेगवान गोळीला हवा अधिक अडवते आणि आडव्या वाऱ्यात ती मंद गोळीपेक्षा जास्त वाहते.

परवान्यावर एका वेळी बाळगायच्या आणि वर्षभरात घ्यायच्या काडतुसांची मर्यादा असते, त्यामुळे दहा जाती घेऊन पाहणे शक्य नाही. मध्यम वेगाच्या दोन किंवा तीन जाती निवडा. सीसीआय स्टँडर्ड किंवा एसके स्टँडर्ड प्लस यांपैकी जे विक्रेत्याकडे असेल ते चालेल. जात बदलली की पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका, कारण गोळीवरचे मेण नळीत नव्याने बसावे लागते. आणि डबी उन्हात ठेवू नका. मेण वितळले की तो लॉट कितीही चांगला असला तरी वाया गेला समजा.

फळा-खडू (अमळनेर)

वरील दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत, परंतु आपल्या प्रश्नातील आकड्यांकडे कोणी पाहिलेले दिसत नाही. २२ मिलिमीटरचा एक ग्रुप आणि ५८ मिलिमीटरचा एक ग्रुप, हे दोन्ही त्याच रायफलचे, त्याच काडतुसांचे आणि त्याच नेमबाजाचे असू शकतात. लोक आपला सर्वांत चांगला ग्रुप खिशात घेऊन फिरतात. शिक्षक म्हणून मला तो प्रकार परिचयाचा आहे, कारण पालकही चाचणी परीक्षांतला एकच आकडा सांगतात. आपण बाराही ग्रुपांची सरासरी काढा. ग्रुप नेहमी एकाच संख्येचा ठेवा, कारण गोळ्या वाढल्या की ग्रुप रुंदावतोच: तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप २० मिलिमीटर असेल, तर त्याच रायफलचा पाच गोळ्यांचा सुमारे २५ आणि दहा गोळ्यांचा सुमारे ३२ येईल. आपण ज्याला ‘भलतीकडे गेलेली चौथी गोळी’ म्हणता, ती कित्येकदा ग्रुपची खरी रुंदी दाखवणारी पहिली प्रामाणिक गोळी असते.

दुसरा मुद्दा बेरजेचा. रायफल आणि काडतूस मिळून २५ मिलिमीटर, वारा २० आणि नेमबाज २५, असे तीन स्वतंत्र दोष धरले, तर एकूण ग्रुप ७० होत नाही. प्रत्येकाचा वर्ग घेऊन बेरीज करायची आणि तिचे वर्गमूळ काढायचे. उत्तर ४०च्या आसपास येते, म्हणजे जवळजवळ आपल्याला मिळते तेच. आता वारा पूर्णपणे काढून टाकला तरी ग्रुप ३५च्या खाली जात नाही. एक दोष दुरुस्त करून फारसा फरक पडला नाही म्हणून तो दोष नव्हताच, असा निष्कर्ष यासाठी काढू नये. बहुतेक माणसे इथेच कंटाळतात आणि रायफल विकतात.

दुर्बिणीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मोठ्या रायफलसाठी बनवलेल्या साध्या दुर्बिणी बहुधा १०० यार्डांवर, म्हणजे ९१ मीटरवर जुळवलेल्या असतात. ५० मीटरवर डोळा मध्यापासून सरकला की तिच्यातील फुली निशाणावर सरकते. पुढचे भिंग ३२ मिलिमीटरचे असेल, तर जास्तीत जास्त ७ मिलिमीटर एका बाजूला. रिकामी रायफल पिशव्यांवर पक्की ठेवा, हात काढून घ्या आणि आतून पाहत डोके डावीकडे-उजवीकडे हलवा. फुली फिरताना दिसली तर गाल दर वेळी दस्त्याच्या त्याच जागी टेकवणे हाच बिनखर्चाचा उपाय आहे.

आणि कृपया सकाळी लवकर जा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा मध्यम वेगाच्या गोळीला ५० मीटरवर सुमारे २५ मिलिमीटर वाहून नेतो. नदीच्या मोकळ्या पात्राजवळच्या चांदमारीवर अकरानंतर याहून कमी वारा क्वचितच असतो. आपले ग्रुप उभे पसरतात की आडवे, हे आपण लिहिलेले नाही. उभे असतील तर काडतुसांकडे पाहा, आडवे असतील तर वाऱ्याकडे, चापाकडे आणि जुना छात्र म्हणतात त्या लाकडाकडे.

गिरणाकाठ (जळगाव)

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. केळीची कापणी मध्ये आली.

जुने कागद काढून पाहिले तर ग्रुप स्पष्टपणे आडवे होते. कागदाची पट्टी टोकापासून चार बोटांवर उजव्या कुशीला अडकली. बरोबर त्याच ठिकाणी लाकडावर नळीची काळी चकाकी उमटलेली होती. गोळी उजवीकडे जात होती आणि लाकूडही उजवीकडेच टेकत होते, हे आपण सांगितल्याच्या उलट वाटले, पण पुढचा स्क्रू तपासल्यावर उलगडा झाला. तो जवळजवळ अर्धा फेरा सैल होता, त्यामुळे रायफल प्रत्येक गोळीनंतर दस्त्यात निराळी बसत असणार. लाटण्याला पॉलिशपेपर गुंडाळून ती जागा घासली (लाटणे नवे आणून द्यावे लागले), उघड्या लाकडाला जवसाच्या तेलाचे दोन हात दिले आणि तेल पूर्ण वाळल्यावर पान्याने २.२ न्यूटन-मीटरवर स्क्रू आवळले. फुली डोके हलवताच हलते, हेही खरे निघाले; गाल कुठे टेकवायचा त्या जागी दस्त्यावर कापडी पट्टी चिकटवली आहे.

रविवारी सकाळी साडेसहाला, वारा नसताना, मध्यम वेगाच्या काडतुसांचे पाच ग्रुप मारले: १९, २६, २२, ३१ आणि २४ मिलिमीटर, सरासरी सुमारे २४. लगेच त्याच बैठकीत जुन्या मोठ्या खोक्यातल्या काडतुसांचे पाच मारले, त्यांची सरासरी ३९ आली. म्हणजे डबीतला फरक माझ्या मनाचा नव्हता. त्यानंतर तीच चांगली काडतुसे घेऊन, रायफलचा पट्टा दंडाला लावून, पालथे झोपून मारली आणि ग्रुप ४७ झाला. हा आकडा कोणाचा आहे, हे विचारण्याची गरज उरली नाही.

आता एकच शंका आहे. झोपून मारताना चाप ओढताच माशी उजवीकडे झुकल्यासारखी वाटते. चाप हलका करून घ्यावा का?

जुना छात्र (धुळे)

भाऊ, माशी (नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट) तर आपल्या रायफलला नाही, दुर्बीण आहे. क्लबच्या रायफलची सवय अजून गेली नाही असे दिसते. चाप परवानाधारक कारागिराकडूनच हलका करून घ्या, घरी कानस लावू नका. बोल्ट जोराने बंद केल्यावर चाप आपोआप सुटणारी रायफल चांदमारीवर कोणी चालू देणार नाही. तोपर्यंत बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर ठेवा. पेराच्या सांध्यापर्यंत बोट आत गेले की उजव्या हाताचा नेमबाज रायफल उजवीकडे ओढतो. घरी सराव करायचा तर खोलीत जिवंत काडतूस एकही नाही याची आधी खात्री करा, आणि रिकामा काटा नळीच्या कडेवर आपटू नये म्हणून आत वापरलेले टरफल घाला. ते दर वेळी थोडे फिरवा.

२४च्या सरासरीचा अर्थही पाहून घ्या. गोळी ५.६ मिलिमीटरची आणि रेषेला टेकली तरी वरचा गुण, म्हणून गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत पडला की १० गुण आणि १६ मिलिमीटरच्या आत पडला की ९. दुर्बीण नीट जुळवली, तर ही रायफल पिशवीवरून आपल्याला दहा आणि नऊ यांखेरीज क्वचितच काही देईल. झोपून मारलेला ४७चा ग्रुप २४च्या शेजारी ठेवून ज्येष्ठांना दाखवा आणि पट्टा कसा बांधावा ते त्यांनाच विचारा, ते आनंदाने शिकवतील.

आषाढ लागला की कागदाची पट्टी पुन्हा एकदा फिरवून पाहा. माझ्या रायफलचा दस्ता दर पावसाळ्यात फुगतो, आणि दर पावसाळ्यात मी आधी काडतुसांनाच नावे ठेवतो.