रोटोरुआला दोन दिवस, सोबत सासू-सासरे: गरम पाण्याची कुंडं झेपतील का?

पुणेरी_पिशवी:
जुलैत नणंदेकडे न्यूझीलंडला, ऑकलंडला चाललोय. तिथून दोन दिवस रोटोरुआ ठरतंय. सासू-सासरे दोघंही सत्तरीतले, सासऱ्यांना बीपी, आणि सासूबाईंना गरम पाण्यात बसायची भयंकर हौस (वज्रेश्वरीला दरवर्षी जायच्या). जुलैत तिथे थंडी, मग ऐन थंडीत जावं का? आणि तिथला तो सडक्या अंड्यांचा वास खरंच इतका येतो का?

ढगातला_माणूस:
थंडीतच जा हो, वाफ काय दिसते तेव्हा! ऑकलंडहून गाडीने तीनेक तास, आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं. वास येतो, गावात शिरतानाच येतो, हायड्रोजन सल्फाइड ते, पण अर्ध्या दिवसात नाक सरावतं आणि मग दुसऱ्या कुणी नाक मुरडलं की आपल्यालाच नवल वाटतं.
पहिल्या दिवशी पैसे खर्चूच नका. गावातच कुइराऊ पार्क आहे, फुकट, कठड्यापलीकडे चिखल रटरटत असतो, अगदी पिठलं शिजताना फुटतं तसा आवाज. पाय सोडून बसायला कुंडं आहेत, सासरे तिथेच खूश होतील. कठडा मात्र ओलांडायचा नाही, २००१ मध्ये तिथेच चिखल आणि दगड उडाले होते.

जोडवी_काळी:
महत्त्वाचं कुणी सांगतच नाही, चांदी काढून ठेवा!! मी तळ्याकाठच्या स्पामध्ये पाऊण तास मस्त बसले, समोर रोटोरुआ तळं, अंधार पडत आलेला, डोक्यावर गार वारा नि मानेपर्यंत कढत पाणी, आणि बाहेर येऊन बघते तर जोडवी कोळशासारखी काळी, पैंजणांचीही तीच गत. सोन्याच्या मंगळसूत्राला काही झालं नाही. हॉटेलवर टूथपेस्टने घासत बसले, नवरा फोटो काढत होता. आणि स्विमसूटही जुना न्या, वास धुतला तरी जात नाही.

खडक_फोडे:
वज्रेश्वरी आणि रोटोरुआ एका माळेत नका ओवू. आपल्याकडे पाणी भेगांमधून खोल जाऊन तापून वर येतं, जिवंत ज्वालामुखी नाही. रोटोरुआचं तळंच ज्वालामुखीच्या खचलेल्या खड्ड्यात आहे, आणि शेजारचा तारावेरा ज्वालामुखी १८८६ मध्ये फुटला तेव्हा गरम पाण्यातल्या क्षारांनी बनलेल्या जगप्रसिद्ध गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या गेल्या, गावं गाडली गेली. बघायचंच तर टे पुइया पार्कातला पोहुतू गीझर (जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं, बाथरूममधला नव्हे) बघा, ३० मीटरपर्यंत उडतो. ऐंशीच्या दशकापर्यंत लोकांनी घरोघरी बोअर पाडून गरम पाणी उपसलं आणि गीझर मलूल पडायला लागले, मग सरकारने पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतले बोअर बंद करायला लावले तेव्हा ते सावरले. आपल्या बोअरवेलवाल्यांनी ऐकावं असं आहे.

ढगातला_माणूस:
@खडक_फोडे मान्य, पण सासूबाईंना भूगर्भशास्त्र नकोय, अंग शेकायचंय 😄
वाय-ओ-टापू या गरम कुंडांच्या पार्कातला लेडी नॉक्स गीझर सकाळी सव्वादहाला उडतो म्हणतात ना, तो आपण होऊन नाही उडत, साबण टाकून उडवतात. मला तेव्हा जरा फसल्यासारखं झालं, पण रंगीत कुंडं बघून राग गेला. व्हाकारेवारेवा गावात माओरी लोक (तिथले मूळ रहिवासी) अजून उकळत्या कुंडात मक्याची कणसं शिजवतात, मणिकर्णला तांदळाची पुरचुंडी सोडतात ना तसंच, ते कणीस खाच.
केरोसीन क्रीक नावाचा गरम ओढा आहे, फुकट, पण तिथे डोकं पाण्याखाली घालायचं नाही, नाकातून अमीबा शिरून मेंदूला धोका असतो. उघड्यावरच्या सगळ्याच गरम पाण्याला हाच नियम.
बीपीवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारा, बसायचं तर थोडाच वेळ, आणि उठताना सावकाश, चक्कर तेव्हाच येते.

पुणेरी_पिशवी:
सगळ्यांचे आभार! सासऱ्यांसाठी कुइराऊ पार्क पक्कं, पाय सोडून पेपर वाचतील. जोडव्यांचं सासूबाईंना वाचून दाखवलं, तर म्हणाल्या काढणार नाही, काळी झाली तर पितांबरी घेऊन चल. तर आता बॅगेत पितांबरी. कस्टममध्ये विचारलं तर काय सांगू??