वर्षातून एकदा उडणाऱ्याने लाउंजसाठी एअरलाइनचं सदस्यत्व धरावं का?

इंदिरानगरकर:
काल इथे एका सभासदाने ठासून लिहिलं: "नाशिककरांनी सिंगापूर एअरलाइन्सचं क्रिसफ्लायर फुकट काढून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत गोल्ड होतं, मग जगभर लाउंज मोफत. क्रेडिट कार्डांच्या नादी लागू नका." खाली लोकांनी आभार मानले. मुलांकडे अमेरिकेला निघालेले आईवडील हे वाचून तिकिटं फिरवतील, म्हणून हिशेब मांडतो. लाउंज म्हणजे विमानतळावरची खाण्यापिण्याची सोय असलेली बसायची जागा; क्रिसफ्लायरसारख्या सदस्यत्वात सिल्व्हर, गोल्ड असे दर्जे प्रवासावर मिळतात.

क्रिसफ्लायर एलिट गोल्डला १२ महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स (दर्जा ठरवणारे माइल्स) लागतात. मुंबई–सिंगापूर अंतर साधारण २,४०० मैल. पूर्ण माइल्स देणारं भाडं भरलं तरी जाऊन-येऊन ४,८०० होतात, म्हणजे वर्षात दहा-अकरा फेऱ्या. सगळ्यात स्वस्त इकॉनॉमी भाड्यावर निम्मेच माइल्स मिळतात, तिथे फेऱ्या विसाच्या वर गेल्या. 'वर्ष-दोन वर्षांत' हे कुठून आलं?

कार्डाचे पॉइंट क्रिसफ्लायरमध्ये वळवून गोल्ड होत नाही, हेही त्या पोस्टमध्ये नव्हतं. वळवलेले माइल्स तिकीट काढायला चालतात, दर्जा ठरवताना मोजत नाहीत. आणि ते तीन वर्षांत बाद होतात.

एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूचं उदाहरण घ्या. तिथे पैशावर नाही, अंतराच्या टप्प्यावर एक्सपी (दर्जा ठरवणारे गुण) मिळतात. मुंबई–पॅरिस इकॉनॉमीत १०, पॅरिस–न्यूयॉर्क १०. जाऊन-येऊन ४०. सिल्व्हरला १०० लागतात, त्यापुढे गोल्डला आणखी १८०, आणि लाउंज गोल्डपासून. वर्षातून एकदा मुलाकडे जाणारा माणूस सिल्व्हरपर्यंतही पोहोचत नाही. ब्रिटिश एअरवेजने १ एप्रिल २०२५ पासून दर्जा खर्चावर नेला: एका पौंडाला एक पॉइंट, सिल्व्हरला ७,५००. रुपयांत साडेआठ-नऊ लाखांच्या आसपास, तेही सरकारी कर सोडून.

वर्षातून एक-दोनदा इकॉनॉमीने जाणाऱ्याला कुठलीही एअरलाइन लाउंज देत नाही. सदस्यत्व फुकट आहे, जरूर काढा, पण त्यासाठी महागडं किंवा लांबच्या थांब्याचं तिकीट घेऊ नका.

अंबड_लिंक_रोड:
सगळ्या नाशिकला आईवडिलांच्या एका फेरीवर मोजू नका. सातपूर-अंबडच्या कंपन्यांतली माणसं जर्मनीला वर्षातून अनेकदा जातात. निफाड-पिंपळगावचे द्राक्ष निर्यातदार फेब्रुवारीत बर्लिनच्या फ्रूट लॉजिस्टिकाला जातात, पुन्हा हंगामात हॉलंडला. या लोकांनी तुमचं वाचून तिकिटावर सदस्य नंबर टाकायचंच सोडलं तर नुकसान त्यांचं आहे.

स्टार अलायन्स (एअर इंडिया, सिंगापूर, लुफ्तान्सा, युनायटेड वगैरेंची आघाडी) गोल्ड म्हणजे काय ते नीट सांगा. तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी लाउंज मिळतं, देशांतर्गत उड्डाणावरही, आणि स्टारच्याच विमानाने जाणारा एक पाहुणा सोबत नेता येतो. उड्डाण त्याच दिवसाचं किंवा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतलं लागतं. मुंबईहून युरोपची बरीच विमानं रात्री एक ते चारमध्ये सुटतात, म्हणून हा पाचचा नियम आपल्या कामाचा आहे. उलट बिझनेस क्लासचं तिकीट असेल पण गोल्ड नसेल तर लाउंजमध्ये एकट्यालाच सोडतात, बायको इकॉनॉमीत असेल तर ती बाहेर. हे किती जणांना माहीत आहे?

अमेरिकेत अंतर्गत फिरणाऱ्यांनी युनायटेडचं मायलेजप्लस धरू नये. त्यांच्या स्वतःच्या गोल्डला फक्त अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासात युनायटेड क्लब (त्यांचं लाउंज) मिळत नाही. एअर इंडियाच्या किंवा सिंगापूरच्या गोल्डला त्याच दारातून आत घेतात. स्कायटीममध्ये (एअर फ्रान्स-केएलएमची आघाडी) एलिट प्लस, म्हणजे तिथलं गोल्ड, झालात तरी लाउंज आंतरराष्ट्रीय प्रवासातच. नियम आघाडीगणिक वेगळे आहेत आणि निवड तिथेच ठरते.

इंदिरानगरकर:
कंपनी तिकीट काढते त्यांच्यापुरतं मान्य करतो. त्यापलीकडे नाही. तुम्ही जे गोल्ड वर्णन केलंत ते मिळाल्यानंतरचं आहे. माझा मुद्दा ते मिळतच नाही हा आहे.

आणि दोन खाचा तुम्ही सोडल्यात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, एअर इंडिया एक्सप्रेस नाही. आखाताचं तिकीट एक्सप्रेसचं असेल तर खिशात गोल्ड असून उपयोग नाही. तसंच कोडशेअर. तिकिटावर टर्किशचा नंबर आणि उडवणारी इंडिगो असेल, तर त्या टप्प्यावर स्टारचं लाउंज लागू नाही, कारण इंडिगो कुठल्याच आघाडीत नाही. तिकीट काढताना 'ऑपरेटेड बाय' ही ओळ वाचायची, वरचा नंबर नाही.

द्वारका_सर्कल:
दोघेही एअरलाइनवर भांडताय. नाशिकमधल्या शंभरातल्या नव्वद लोकांना लाउंज मिळतं ते कार्डावर. दोन रुपयांचा स्वाईप, आत जेवण. यात माइल्स कुठे आले?

अंबड_लिंक_रोड:
तो जमाना गेला. आयसीआयसीआयने १ एप्रिल २०२४ पासून बऱ्याच कार्डांवर मागच्या तिमाहीत ३५,००० खर्चाची अट घातली, नोव्हेंबर २०२४ पासून ती ७५,००० वर नेली. एचडीएफसी रेगालियाला १ डिसेंबर २०२३ पासून तिमाहीत एक लाख. मे महिन्यात उडायचं असेल तर जानेवारी-मार्चमधला खर्च बघतात, हे लोकांना लाउंजच्या काउंटरवर कळतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बँकांची कार्डं लाउंजशी जोडणाऱ्या ड्रीमफोक्सची सेवा एका दिवसात देशभरातल्या लाउंजमध्ये अडली, आणि १६ सप्टेंबर २०२५ पासून त्यांनी देशांतर्गत लाउंजचं काम बंदच केलं. बँकेने ज्याच्यावर भिस्त ठेवली तो मधला माणूसच उठला. एअरलाइनचा दर्जा एकदा मिळाला की मुदतीपर्यंत असा कोणी काढून घेत नाही.

द्वारका_सर्कल:
अटी आल्या हे खरं. पण ७५,००० ही तिमाहीची रक्कम आहे, महिन्याला पंचवीस हजार. किराणा, पेट्रोल, विजेचं बिल कार्डावर टाकलं की झालं. त्याच्यासमोर दहा सिंगापूरवाऱ्या ठेवता? खर्चाचा पुरावा आधी बघा: ॲपमध्ये लाउंजची पात्रता दिसते, ती निघायच्या आठवडाभर आधी तपासायची. प्रायॉरिटी पासची गल्लत मात्र सगळे करतात. रेगालिया गोल्डसोबत मिळणारा पास भारताबाहेरच्या लाउंजसाठी आहे. मुंबईत तो पुढे केला तर २७ डॉलर अधिक कर बिलात लागतो. भारतात मूळ क्रेडिट कार्डच पुढे करायचं.

इंदिरानगरकर:
इथे एक धोका आहे, तोही लिहा. साध्या कार्डांचा कोटा बहुतेक देशांतर्गत लाउंजचा असतो. मुंबईच्या टर्मिनल २ ला इमिग्रेशन ओलांडून आंतरराष्ट्रीय बाजूला गेल्यावर तो चालेलच असं नाही. आईवडील अमेरिकेला जाणार तर त्यांना हवं ते लाउंज त्या बाजूला आहे.

नाशिकरोडचा:
सगळ्यांचा हिशेब चुकतोय, कारण कोणी नाशिकहून निघण्याचा विचारच करत नाही. कसाऱ्यात कंटेनर बंद पडला, भिवंडी बायपासला कोंडी झाली, म्हणून लोक रात्री दोनच्या विमानासाठी दुपारी चारला घर सोडतात. रस्ता मोकळा मिळाला तर आठला टर्मिनलला. बॅगा घ्यायचे काउंटर उघडतात उड्डाणाच्या तीन-चार तास आधी. लाउंज आहे सिक्युरिटीच्या पलीकडे. मधले दोन-तीन तास दोन-दोन बॅगा घेऊन म्हातारी माणसं बाहेर खुर्चीवर. त्यात गोल्डही कामाचं नाही आणि कार्डही नाही. शिवाय बहुतेक लाउंज तीन तासांपेक्षा आधी आत घेत नाहीत.

पंचवटीकर:
कसारा आता लागतोच कुठे? ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी–आमणे टप्पा सुरू झाला. घोटी-इगतपुरीजवळ चढायचं, इगतपुरीचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा, थेट आमणे. घाट नाही.

नाशिकरोडचा:
आमण्यापर्यंत. पुढे काय? आमण्यावरून वडपे, तिथून माजिवडा, ठाणे. कोंडी तिथेच आहे आणि ती समृद्धीने सुटलेली नाही, उलट समृद्धीवरची सगळी गाडी त्याच तोंडात येऊन पडते. घाटात वाचलेला वेळ माजिवड्याला जातो. शनिवारी संध्याकाळी तर विचारू नका.

पंचवटीकर:
मग वेळ निवडा. दुपारी एक ते तीनच्या आत माजिवडा पार केला तर गाडी चालती राहते. किंवा वंदे भारत घ्या, नांदेड आणि शिर्डी दोन्ही गाड्या नाशिकरोडला थांबतात. ठाण्याला उतरून टॅक्सी.

नाशिकरोडचा:
प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा, दोन माणसं, म्हणजे चार बॅगा. वंदे भारत ठाण्याला मोजकी मिनिटं थांबते. सत्तरीची माणसं चार बॅगा उतरवणार कशी? कागदावर सगळं जमतं.

गंगापूर_रोड_ताई:
दादा, मुंबईला जायचंच कशाला? ओझरहून इंडिगोने दिल्ली, तिथून आंतरराष्ट्रीय विमान. घरापासून विमानतळ वीस-पंचवीस किलोमीटर. एचएएलच्या धावपट्टीवर आंतरराष्ट्रीय विमान आपल्याला कधी मिळणार, ते आमदार-खासदारांना विचारायला हवं. कुंभमेळा तोंडावर आहे आणि अजून आपण देशांतर्गत विमानांवरच.

इंदिरानगरकर:
ताई, हा सल्ला आणखी धोक्याचा. ओझर–दिल्ली इंडिगोचं आणि पुढचं एअर इंडियाचं तिकीट वेगवेगळं काढलं, तर पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरं सुटलं की जबाबदारी कोणाचीच नाही. बॅगा दिल्लीत उतरवून घ्यायच्या, टर्मिनल बदलायचं, पुन्हा टाकायच्या. किमान सहा तासांचं अंतर ठेवा, नाहीतर करू नका. आणि हा धागा लाउंजचा आहे. रस्त्याचा वेगळा काढा.

नाशिकरोडचा:
वेगळा का काढू? लाउंज हवं कशाला, तर ताटकळायला लागतं म्हणून. ताटकळणं नाशिक–ठाणे रस्त्यामुळे आहे. मूळ दुखणं सोडून तुम्ही एक्सपी मोजत बसलात, आणि मूळ दुखणं सांगणाऱ्याला गप्प करता. तुमचा धागा आहे म्हणून विषय तुमच्या मालकीचा होत नाही.

अंबड_लिंक_रोड:
आवाज चढवून काउंटर लवकर उघडत नाही. मात्र सिक्युरिटीआधीचे ते तास, हा मुद्दा बरोबर आहे. मी फक्त लाउंजमधल्या वेळेचा विचार केला होता. त्यावर उपाय एकच: ठाण्यात किंवा अंधेरीत नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात चार-पाच तास टेकायचं आणि काउंटर उघडायच्या वेळी टर्मिनलला पोहोचायचं. लाउंजवर खर्च करण्याऐवजी तो पैसा तिथे घाला.

द्वारका_सर्कल:
म्हणजे शेवटी लाउंज नकोच असं तुम्हीच म्हणताय.

अंबड_लिंक_रोड:
वर्षातून एकदा जाणाऱ्यासाठी, हो. इंदिरानगरकरांचा तेवढा भाग मला खोडता येत नाही. सतत उडणाऱ्यासाठी माझं म्हणणं तेच: एकच आघाडी धरा. अर्धे माइल्स फ्लाइंग ब्लूमध्ये, अर्धे क्रिसफ्लायरमध्ये टाकले की दोन्हीकडे तळाशी राहता. कंपनी लुफ्तान्साने पाठवत असेल तर स्टारमधलंच एखादं खातं, कतारने पाठवत असेल तर वनवर्ल्ड या तिच्या आघाडीतलं. कतारच्या प्रिव्हिलेज क्लबात गोल्डला ३०० क्यूपॉइंट लागतात. एमिरेट्स कुठल्याच आघाडीत नाही; त्यांच्या सिल्व्हरला २५,००० टिअर माइल्स लागतात आणि लाउंज मिळतं फक्त दुबईत. दुबईमार्गे जाणाऱ्याला तेही पुरतं, मुंबईत बसायचं असेल तर नाही.

गंगापूर_रोड_ताई:
आईबाबांची जूनची तिकिटं एअर इंडियाची काढून झाली आहेत. आता काय करता येईल एवढं कोणी सांगा.

इंदिरानगरकर:
ताई, दोघांचं एअर इंडियाच्या महाराजा क्लबचं खातं वेगवेगळं काढा, एकाच्या नंबरावर दुसऱ्याचे पॉइंट जमा होत नाहीत. नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडे पासपोर्टात नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं आणि तिकिटावर ते सगळं जोडून छापतात: आडनाव, मग तिरकी रेघ, मग नाव-वडिलांचं नाव-एमआर असं एकसलग. खात्यात मधलं नाव गाळलं असेल तर पॉइंट अडकतात. मग पीएनआर उघडून दोघांचे नंबर घाला आणि चेक-इनला बोर्डिंग पासवर नंबर छापून आलाय का ते बघायला सांगा. नसेल तर तिथेच काउंटरवर घालून घ्यायचा. बोर्डिंग पास पॉइंट जमा होईपर्यंत टाकू नका, नंतर दावा करायला तोच लागतो.

लाउंजसाठी तुमच्या कार्डाच्या ॲपमध्ये 'इंटरनॅशनल' रकाना बघा. ॲड-ऑन कार्ड त्यांच्या नावावर असेल तर चांगलं, तुमचं कार्ड त्यांच्या हातात देऊन चालत नाही. बोर्डिंग पासवरचं नाव आणि कार्डावरचं नाव जुळवतात.

पंचवटीकर:
व्हीलचेअर मागितली असेल तर आणखी एक. मदतनीस सिक्युरिटीनंतर थेट गेटपाशी नेऊन बसवतो. लाउंजला जायचं असेल तर त्याला व्हीलचेअर काउंटरवरच सांगून ठेवायला लावा आणि परत न्यायला किती वाजता यायचं ती वेळ ठरवून घ्या.

नाशिकरोडचा:
आणि घरातून चारला नको, सहाला निघू दे. दुसरा ड्रायव्हर सोबत ठेवा.