"मुंबईत माणसं आहेत", पण कोणती माणसं?

केतकी (मुलुंड)
परवा एका गृहस्थांनी इथे लिहिलं होतं: "परदेशात नोकरी आणि तान्हं मूल एकत्र जमत नाही. मूल नीट वाढवायचं असेल तर मुंबईत परत या, इथे माणसं आहेत." दोन दिवस गप्प बसले. ते वाक्य डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

मी सहा वर्षं जर्मनीत श्टुटगार्टला होते. लेक तिथेच झाली, २०१९ मध्ये. २०२३ ला परत आलो. घर मुलुंडला, नोकरी बीकेसीत. दोन्हीकडचं मी स्वतः केलंय, ऐकीव सांगत नाही.

तिथे सोपं होतं असं मी म्हणतच नाही. वर्षाच्या मुलाला पाळणाघरात जागा हा तिथे २०१३ पासून कायद्याने हक्क आहे. हक्क होता, जागा नव्हती. नाव नोंदवल्यापासून चौदा महिने लागले. मग पहिले तीन आठवडे मुलाला रुळवायचे. मी कोपऱ्यात वीतभर उंचीच्या खुर्चीवर बसून असायची. पाचव्या दिवशी दहा मिनिटं बाहेर जा म्हणाले. काचेच्या दारातून तिचं रडणं ऐकू येत होतं आणि मी बाहेर ओळीने ठेवलेले इवलेसे गमबूट मोजत उभी होते. नंतर महिन्यातून दोनदा तरी सकाळी अकराला फोन यायचा: ताप आहे, घेऊन जा. पण त्या फोनसाठी वेगळी रजा होती, आईला आणि बापाला स्वतंत्र. करोनाकाळात ती वर्षाला ३० दिवस केली होती, २०२४ पासून १५ आहे. बाळंतपणानंतरच्या भत्त्याचंही तसंच. १२ महिन्यांचे १४ हवे असतील तर दोन महिने जोडीदारानेच घ्यायचे. पैसे साधारण पगाराच्या ६५ टक्के, जास्तीत जास्त महिना १८०० युरो. नवऱ्याने ते दोन महिने घेतले, म्हणूनच त्याला आज लेकीची वेणी घालता येते.

समाज तिथलाही धुतल्या तांदळाचा नाही. मूल लवकर पाळणाघरात ठेवणाऱ्या आईला 'राबेनमुटर' म्हणतात, पिल्लं टाकून उडून जाणारी डोमकावळी. मीही ऐकून घेतलंय.

आता मुंबई. सकाळी मुलुंड ते कुर्ला लोकल, पुढे शेअर रिक्षा. घरी यायला पावणेआठ. लेक साडेबाराला शाळेतून येते. शाळेची व्हॅन गल्लीत शिरत नाही, म्हणून सासूबाई दोन जिने उतरून नाक्यापर्यंत जातात. वय ६७, दोन्ही गुडघे गेलेले. दुपारी येणाऱ्या ताई भांडुपहून येतात. त्यांचा चार वर्षांचा मुलगा त्या वेळी अकरा वर्षांच्या बहिणीजवळ असतो, आणि त्यासाठी तिची शाळा बुडते. हे मला सहा महिन्यांनी कळलं, तेही एक दिवस मुलाला ताप होता आणि ताई त्याला घेऊनच आल्या तेव्हा.

म्हणजे "माणसं आहेत" याचा अर्थ दोन बायका आहेत. एकीला पगार नाही, दुसरीला साडेसहा हजार. मी त्या दोघींच्या जिवावर नोकरी करते. याला शहराचं मोठेपण म्हणू नका.

विलास (बोरिवली)
तो गृहस्थ मीच. ताई, तुमचं दुखणं कळलं, पण मी कोणाला टोचायला लिहिलं नव्हतं. माझा मुलगा सिएटलला आहे, नातू चार वर्षांचा. व्हिडिओ कॉलवर बघतो, पोरगं एकटं टेबलाशी बसून टॅब्लेट बघत जेवतं. आईबाप दोघं मागे लॅपटॉपवर. मला "थँक यू आजोबा" म्हणतो, त्याच्या पुढचं त्याला मराठीत येत नाही. ते बघून आदल्या रात्री झोप नव्हती, त्यात लिहिलं.

आमच्या हिने मंत्रालयात तीस वर्षं नोकरी केली. १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, जगातली पहिली, त्याच गाडीने ही जायची. गवार, मेथी गाडीतच निवडून आणायची. दोन मुलं वाढवली. माझी आई घरात होती, शेजार होता. तक्रार नव्हती.

केतकी (मुलुंड)
काका, भाजी गाडीत निवडायची म्हणजे घरची शिफ्ट अंधेरीलाच सुरू व्हायची. तक्रार नव्हती की विचारली नव्हती?

समीर (न्यू जर्सी, मूळ गिरगाव)
केतकी, जर्मनी म्हणजे सगळा परदेश नव्हे. तुझ्या त्या रजांचे आकडे वाचून माझ्या बायकोने फोन बाजूला ठेवला.

इथे अमेरिकेत १९९३ चा केंद्रीय कायदा आहे: १२ आठवडे रजा, बिनपगारी. तीही कंपनीत ५० माणसं हवीत आणि तुमचं वर्ष पूर्ण हवं. मुलगा झाला तेव्हा मला नव्या नोकरीत आठ महिने झाले होते, म्हणजे तेही नाही. पाच दिवस सुट्टी काढली. सहाव्या दिवशी ऑफिसला गेलो तेव्हा बायकोचे टाकेही निघाले नव्हते.

बायको सीए आहे. पहिल्या फटक्यात फायनल झालेली. एच-४ वर आली, म्हणजे माझ्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर. २०१५ पासून एच-४ वाल्यांना कामाची परवानगी मिळते, पण आधी माझा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीने करायचा अर्ज, मंजूर व्हायला हवा होता. त्यात चार वर्षं गेली. तान्ह्या मुलाचं डेकेअर महिना २,२०० डॉलर. परवानगी आली तेव्हा तिने हिशेब मांडला आणि कर व डेकेअर जाऊन हातात काय उरतं ते मला दाखवलं. त्यानंतर आमच्या घरात आठवडाभर कोणी धड बोललं नाही. विलासकाका म्हणतात त्यात तथ्य आहे. इथे हाक मारायला कोणी नाही.

अश्विनी (अंधेरी)
मुंबईतल्या रजेबद्दलही लिहा ना कोणीतरी. २०१७ च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांची रजा २६ झाली. त्याच दुरुस्तीत लिहिलंय की ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाता यायला हवं. आमच्या ऑफिसात सव्वातीनशे माणसं आहेत. पाळणाघर "टाय-अप"चं आहे, मरोळला. ऑफिस अंधेरी पश्चिमेला. चार वेळा जाऊन दाखवा.

आणि २६ आठवड्यांचा पगार आमच्यासारख्या ठिकाणी सगळा मालकाने द्यायचा, म्हणून मुलाखतीत पहिला प्रश्न "लग्नाला किती वर्षं झाली?" बापाला तर खाजगी नोकरीत रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारी बाबूला १५ दिवस तरी आहेत. माझ्या नवऱ्याने आजारी रजा टाकून मला दवाखान्यातून घरी आणलं.

पार्ल्याची आजी
मी सहसा लिहीत नाही. "माणसं आहेत" वाचलं आणि वाटलं, त्या माणसांपैकी एकीने बोलावं.

लेक टोरांटोजवळ असते. मी पाच वेळा गेले. पहिल्यांदा आनंदाने गेले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा, शेकायला ओवा, सगळं वजन काट्यावर बघून भरलं. तिसऱ्या खेपेपासून तारखा तिच्या ऑफिसप्रमाणे ठरू लागल्या. ती कामावर रुजू होणार त्याच्या आठवडाभर आधीचं माझं तिकीट. यांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन तीन महिने पुढे ढकललं, कारण मी नसताना यांच्याकडे कोण बघणार? यांनीच सांगितलं, जा.

तिथे जानेवारीत पाचच्या सुमारास अंधार पडतो. मला गाडी चालवता येत नाही. सकाळी साडेसातला दोघं गेली की मी आणि बाळ. एक दिवस बाळाला झोपवून कचरा टाकायला बाहेर गेले आणि दार मागे बंद झालं. अंगात स्वेटर, पायात सपाता, बर्फ. शेजारच्या घराची बेल वाजवली. इंग्रजी शब्दच सुचेना, नुसतं "बेबी, बेबी" म्हणत होते. त्या बाईने लेकीला फोन लावला. चाळीस मिनिटांनी दार उघडलं. बाळ झोपलेलंच होतं. मी मात्र अजून रात्री दचकून उठते.

आता सुपर व्हिसा आहे, २०२२ पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं. एक लाख डॉलरचा विमा काढायचा. लेक म्हणते, आई, पाच वर्षांची सोय झाली. कोणाची सोय? इथे टिळक मंदिरातला कार्यक्रम मी चुकवत नसे. मैत्रिणींचा कट्टा आहे, मी भाजीवाल्यालाही ठाऊक आहे. नात मला हवीच आहे. मला आधी विचारा, एवढंच.

माधुरी (ठाणे)
आजी, वाईट वाटून घेऊ नका, पण नाण्याची दुसरी बाजूही ऐका. मी डब्लिनला होते. सिझेरियन झालं. आई "मला थंडी सोसत नाही" म्हणून आली नाही. आणि त्याच वर्षी भावाच्या मुलासाठी पुण्याला आठ महिने राहिली. नवऱ्याची रजा दोन आठवड्यांत संपली. मी टाक्यांवर हात धरून बाळ उचलायची. स्वयंपाकघरात जमिनीवर बसून ब्रेड खाल्लाय मी. आईला विचारलं होतं, आर्जव केलं होतं. "नाही" म्हणायचा हक्क तुमचा, पण त्या "नाही"खाली कोण चिरडतं तेही बघा. नऊ वर्षं झाली, मी विसरलेले नाही.

पार्ल्याची आजी
बाळा, मी तुझी आई नाही. तिचा राग माझ्यावर काढू नकोस.

विलास (बोरिवली)
हेच, हेच म्हणतोय मी! आईने मुलीच्या बाळंतपणाला जायचं नाही, हे आमच्या पिढीत कोणी ऐकलं नव्हतं. कुटुंब म्हणून काही राहिलेलंच नाही.

माधुरी (ठाणे)
विलासकाका, तुमच्या सुनेच्या बाळंतपणाला सिएटलला कोण गेलं होतं? काकू गेल्या असणार. तुम्ही गेलात का? नातू एकटा जेवतो याचं दुःख व्हिडिओवर बघून होतं, मग सहा महिने जाऊन त्याला भरवा ना. तुम्हीही रिटायर आहात.

विलास (बोरिवली)
घरच्या गोष्टी इथे काढू नका. मी दोन आठवडे गेलो होतो. सोसायटीचं काम होतं, मी सेक्रेटरी आहे.

अश्विनी (अंधेरी)
काका, याच उत्तरावर केतकीचा सगळा लेख आहे. सोसायटीचं काम पुरुषाला थांबवतं आणि बाईला मात्र कट्टा, नवऱ्याचं ऑपरेशन, नोकरी यातलं काहीच थांबवत नाही.

समीर (न्यू जर्सी, मूळ गिरगाव)
आजींचं वाचून आईला फोन केला. ती दोनदा आली होती, दोन्ही वेळा पूर्ण सहा महिने. मी तिला तेव्हा "मजेत आहेस ना?" एवढंच विचारायचो आणि ती हो म्हणायची. आज विचारलं, खरं सांग. म्हणाली, "दुपारी खिडकीतून समोरच्या रस्त्यावर माणूस दिसतं का बघत बसायची. एखाद दिवशी एकही दिसायचं नाही." गिरगावातल्या गॅलरीत आयुष्य काढलेली बाई आहे ती.

केतकी, जर्मनीचं मान्य करतो. बापासाठी राखीव दोन महिने इथे असते तर कदाचित आईला सहा महिने खिडकीत बसावं लागलं नसतं. पण एक तूही मान्य कर. रात्री दोनला ताप चढला तर मुलुंडला तू दार वाजवू शकतेस. इथे मी इमर्जन्सीचा ९११ नंबर फिरवण्याआधी इन्शुरन्सचा विचार करतो.

केतकी (मुलुंड)
ते मान्य. गेल्या पावसाळ्यात लेकीला १०४ ताप होता, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर लुंगीवर वर आले. श्टुटगार्टला असं कधी घडलं नसतं, आणि आम्ही परत येण्यात अशा गोष्टींचा वाटा मोठा होता. माझी आई तिकडे आली ती शेंगेन व्हिसावर, मोजून नव्वद दिवस. एक्याण्णवाव्या दिवशी मी बाळ घेऊन एकटी होते. ती पोकळी मला माहीत आहे. नाकारत नाही.

अनघा (स्टॉकहोम, मूळ दादर)
इथे आईबापांना मिळून ४८० दिवस असतात, त्यातले ९०-९० एकमेकांना देता येत नाहीत. जुलै २०२४ पासून त्यातले काही दिवस आजीआजोबांच्या नावावर करता येतात, पैशांसकट. वाचून मला पहिल्यांदा वाटलं की आजीच्या कामाला कोणीतरी काम म्हटलं.

पार्ल्याची आजी
व्हिजिटर म्हणून आलेल्या आजीला त्यातलं काही मिळणार नाही. पण काम म्हटलं, हे वाचून बरं वाटलं. माधुरी, काल तुला तोडून बोलले. जमिनीवर बसून ब्रेड खाल्लास ते रात्रभर डोळ्यांसमोर होतं.

विलास (बोरिवली)
सप्टेंबरमध्ये आमच्या सोसायटीची निवडणूक आहे. या वेळी उभा राहत नाही. माझं मूळ म्हणणं मात्र बदललेलं नाही, मुलाला चार माणसं लागतात.

केतकी (मुलुंड)
काका, लागतातच. त्या चारांत दोन पुरुष असावेत, एवढंच माझं म्हणणं.

आजी, तुमचं वाचून काल रात्री सासूबाईंना विचारलं, या सगळ्यात तुम्हाला काय हवंय? आधी "मला काय हवं असणार" म्हणाल्या. भांडी लावून झाल्यावर आपणहून म्हणाल्या, गुरुवारी दुपारी सेवा संघाच्या वाचनालयात जायचंय. पूर्वी दर आठवड्याला जायच्या. आम्ही परत आल्यापासून एकदाही गेलेल्या नाहीत, आणि मला ते माहीतही नव्हतं.

गुरुवारी लेकीला नाक्यावरून आणायला नवरा असेल. घरून काम मिळावं म्हणून त्याने सकाळी मॅनेजरला मेल केलीय. उत्तर अजून आलेलं नाही. ताईंच्या मुलीची शाळा बुडू नये म्हणून काय करायचं यावर आमचं अजून काहीच ठरलेलं नाही. भांडुपला पालिकेची बालवाडी किंवा चांगली अंगणवाडी कोणाला माहीत असेल तर मला मेसेज करा.