वॉर्म मिक्सच्या नमुन्यांत चाकोरी जास्त खोल: दोष मिश्रणाचा की चाचणीचा?

प्रश्न
खडी, तिची श्रेणी (लहान-मोठ्या दगडांचे प्रमाण) आणि डांबराचे प्रमाण तेच ठेवून आम्ही रस्त्यासाठी दोन डांबरी मिश्रणे केली: एक १६० अंश सेल्सिअसला (हॉट मिक्स), दुसरे रासायनिक मिश्रक घालून १३० अंशांना (वॉर्म मिक्स). गायरेटरी कॉम्पॅक्टरवर (मिश्रण फिरवत दाबून नमुने करणाऱ्या यंत्रावर) दोन्हींची घनता जुळते. मात्र ५० अंशांच्या पाण्यातील हॅम्बुर्ग चाक-चाचणीत (नमुन्यावर भारित चाक पुन्हापुन्हा फिरवून पडणारी खाच मोजतात) वॉर्म मिक्समध्ये चाकोरी बरीच खोल पडते. मिश्रक कुचकामी समजावे का?

उत्तर १
इतक्यात नको. कमी तापमानात डांबराचे ऑक्सिडीकरण कमी होते, त्यामुळे ते सुरुवातीला मऊ राहते. रस्त्यावर काही काळ गेल्यावर हा फरक बहुधा कमी होतो. दाबण्यापूर्वी सुटे मिश्रण ओव्हनमध्ये किती वेळ ठेवले, हे आपण लिहिलेले नाही. हॉट मिक्स १३५ अंशांना ४ तास आणि वॉर्म मिक्स दाबण्याच्या तापमानाला २ तास ठेवले असेल, तर फरकाचा बराच भाग ओव्हनमधलाच असू शकतो.

उत्तर २
अंतिम खोलीपेक्षा चाकाच्या फेऱ्यांगणिक चाकोरीची खोली दाखवणाऱ्या आलेखाचा आकार पाहावा. रेषा पहिल्यापासून एकसारखी उतरत असेल तर डांबर मऊ आहे. बराच वेळ संथ उतरून मध्येच झपकन वळत असेल, तर डांबर खडीवरून सुटू लागल्याची शक्यता अधिक.

प्रश्नकर्ता
दोन्ही मिश्रणे २ तासच ठेवली होती. वळण फक्त वॉर्म मिक्समध्ये, साधारण १२,००० फेऱ्यांनंतर दिसते.

उत्तर २
मग संशय पाण्यावरच जातो. सुमारे ७ टक्के पोकळीचे (आत हवेच्या जागा असलेले) नमुने करून अर्धे कोरडे ठेवावेत, उरलेल्यांत निर्वाताने पाणी भरून ते २४ तास ६० अंशांच्या पाण्यात ठेवावेत आणि सर्व २५ अंशांना आणून फोडावेत. ओल्या व कोरड्या ताणशक्तीचे गुणोत्तर साधारणपणे किमान ८० टक्के अपेक्षित असते. केवळ आकड्यावर मात्र विसंबू नये, फुटलेली बाजू उजेडात धरून पाहावी: डांबर निघून उघडा पडलेला दगड लगेच डोळ्यांत भरतो. तसे दिसल्यास १ ते १.५ टक्के विरलेला चुना घालून दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात. शिवाय आपली खडी ओव्हनमध्ये पूर्ण वाळलेली असणार. प्लांटच्या ड्रममध्ये कमी उष्णतेमुळे तिच्या छिद्रांत ओल राहू शकते, म्हणून प्लांटवरचे मिश्रण तपासल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

उत्तर ३
घनता जुळली यावरही फार भिस्त ठेवू नये, कारण गायरेटरी यंत्राला तापमानातील फरक फारसा जाणवत नाही. नियोजित तापमानाला आणि त्याहून ३० अंश खाली, कमाल घनतेच्या (पोकळी अजिबात नसताना असेल त्या घनतेच्या) ९२ टक्क्यांपर्यंत पोहोचायला किती आवर्तने लागतात ते मोजावे. दुसरी संख्या पहिलीच्या १.२५ पटीपेक्षा जास्त असेल, तर थंड होत चाललेले मिश्रण रोलरखाली नीट दबणार नाही.