चर्चा: सिमेंटची ५० किलोची गोणी बंद करावी का?

कोथरूडकर:
आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बाथरूमचं काम निघालंय. बिगारी डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक गोणी जिन्याने चढवतो. वळणावर भिंतीला खांदा टेकून दम घेतो, पण गोणी खाली ठेवत नाही. एकदा ठेवली की पुन्हा डोक्यावर द्यायला दुसरा माणूस लागतो. ब्रिटनमध्ये हीच गोणी २५ किलोची मिळते. आपल्याकडे तेवढ्याच गोणीची सक्ती हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

साइटवाला:
मी घरदुरुस्तीची कामं घेतो. २५ची गोणी आली तर बिगारी दोन एकदम उचलेल. तो रोजावर नसतो, काम अंगावर घेतो. गोणीमागे, मजल्यामागे पैसे. फेऱ्या दुप्पट झाल्या तर वाढीव दर कोण देणार? मोठ्या साइटवर रेडीमिक्स, म्हणजे तयार कालवून आणलेलं काँक्रीट, पंपाने वर जातं, तिथे हा प्रश्नच कमी. गोणी चढवावी लागते ती तुमच्या घरांत, कारण तुमच्याच सोसायट्या लिफ्टमधून सिमेंट-वाळू नेऊ देत नाहीत. आणि बांधकाम कामगारांसाठीच्या केंद्राच्या १९९८च्या नियमांत पुरुषाला ५५ किलोची मर्यादा दिली आहे. ५०ची गोणी त्यात बसते.

फिजिओ_नाशिक:
बसते, म्हणूनच ती मर्यादा मला मान्य नाही. अमेरिकेतल्या नायॉश संस्थेच्या सूत्रात सगळं अनुकूल असतानाही २३ किलोच धरतात: वजन अंगालगत, फार वाकायचं नाही, कमरेला पीळ नाही. जमिनीवरची गोणी उचलताना यातलं काहीच जुळत नाही. वजन हातभर पुढे असतं आणि ते तोलणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या जेमतेम तीन बोटं मागे. म्हणून मणक्यांमधल्या गादीवर गोणीच्या कितीतरी पट दाब येतो. हे लोक माझ्याकडे येतात ते दुखणं पायात उतरल्यावर, बोटांना मुंग्या यायला लागल्यावर. तोवर दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर भागवलेलं असतं. दिवसभर उकिडवं बसणाऱ्या फरशीवाल्यांचे गुडघे आणि ओणव्याने सळया बांधणाऱ्यांची कंबर, त्याबद्दल तर कुणी बोलतच नाही.

कोथरूडकर:
साइटवाला, लिफ्टचं तुमचं बरोबर आहे, कमिटीपुढे मी ते मांडणार. पण दोन गोण्या एकदम उचलतील म्हणून छोटी गोणीच नको, हे पटत नाही. आज पन्नाशीतल्या बिगाऱ्यालाही एकच २५ची उचलायची सोय नाही. शिवाय ते नियम ज्या कायद्याखाली केले, त्या १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यातून स्वतःच्या घराचं १० लाखांपर्यंतचं काम वगळलेलं होतं. म्हणजे अशा घरांत ५५ची मर्यादासुद्धा लागू नव्हती. गोणीच लहान झाली तर कायदा पोचो न पोचो, वजन कमी होईल.

नाक्यावरचा:
माझे वडील बिगारी होते. गोणी अर्धी करून त्यांचं फारसं भलं झालं नसतं. कमरेत चमक भरली तरी सकाळी ते मजूर नाक्यावर उभे असायचे, कारण खाडा झाला की रोज बुडाला. दुखणं मुरलं ते अशाने. बांधकाम कामगारांच्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. दाखला द्यायला कुणी तयार होत नव्हतं. गोणी २५ची करायची तर करा, माझा विरोध नाही. पण माझी पहिली मागणी दुखण्याच्या दिवसांच्या मजुरीची आहे. साइटवाला, तुम्ही तुमच्या माणसांना ९०चा दाखला देता का, तेवढं सांगा.