मदत हवी आहे : नो-इनपुट मिक्सर वाजवताना आवाज आटोक्यात कसा ठेवावा?

जपानी संगीतकार तोशिमारू नाकामुरा यांच्या नो-इनपुट मिक्सर वादनपद्धतीविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. मिक्सरला (वेगवेगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्राला) बाहेरून कोणताही ध्वनी न देता त्याचेच आउटपुट केबलने पुन्हा इनपुटला जोडायचे आणि त्या फीडबॅकमधून उमटणारे स्वर इक्वलायझर (उंच-खालच्या स्वरांचे प्रमाण) व गेनच्या (आवाजाची तीव्रता) नॉबने घडवायचे, अशी ही पद्धत आहे. टोकियोतील ‘ऑफ साइट’ या लहानशा जागेत २००० नंतरच्या काही वर्षांत, शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून, अगदी हळू आवाजात मैफली होत; नाकामुरा किंवा केवळ साइन लहरींवर (एकाच कंपनसंख्येच्या शुद्ध स्वरांवर) काम करणाऱ्या साचिको एम यांचे संगीत मला त्यामुळेच जवळचे वाटते. (जपानी संगीतकार मर्झबाऊंचा कानठळ्या बसवणारा नॉइझ मानाचा खरा, पण तो माझा पिंड नव्हे.)

माझ्याकडे ऑक्स सेंड (चॅनेलमधला आवाज वेगळ्या मार्गाने बाहेर पाठवणारे आउटपुट) असलेला साधा अ‍ॅनालॉग मिक्सर आहे. ऑक्स सेंड चॅनेलला जोडल्यावर नॉब किंचित हलवला तरी मंद गुणगुण एकदम कर्कश शिट्टीत बदलते. स्पीकर आणि कान सुरक्षित राहावेत यासाठी शेवटी लिमिटर (आवाज ठराविक पातळीच्या वर जाऊ न देणारे उपकरण) जोडणे पुरेसे आहे का? तसेच फीडबॅकच्या मार्गातच इक्वलायझर पेडल ठेवल्यास ही उडी सौम्य होते का, हे कोणी स्वानुभवावरून सांगू शकेल का?